‘येते’ म्हणाली होती

टांगून ठेवलेल्या काठीला तेल लावलं, तर ते हळूहळू खालच्या टोकाकडे उतरतं. बांबूचे धागे उभे असतात. तेल त्यांतून वाट काढत जातं, आणि काही महिन्यांनी खालची पेरं वरच्या पेरांपेक्षा गडद दिसायला लागतात. भिंतीवरच्या सगळ्या काठ्यांचं तसंच झालं होतं. खालची टोकं काळपट, वरची वाळल्या गवतासारखी. फक्त डावीकडच्या शेवटच्या खिळ्यावरची काठी वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची होती.

सपनाने ती दारातूनच पाहिली. आपली काठी ओळखायला तिला रंगाची गरज नव्हती. मधल्या गाठीखाली भाजल्याचा एक डाग होता, विस्तवावर धरून काठी सरळ करताना पडलेला. पण त्या सारख्या रंगाचा अर्थ तिने उभ्या उभ्या लावला. कोणीतरी काठीला नुसतं तेल लावत नव्हतं, ती उलटीही टांगत होतं. नियमाने, आणि बराच काळ.

तिने चपला बाहेर काढल्या आणि उंबरा ओलांडण्यापूर्वी तोंडाशी आलेला शब्द गिळला.

जळगावच्या मेहरूण भागातल्या या पत्र्याच्या शेडमध्ये, लाठीच्या आखाड्यात, कोणी ‘सलाम’ म्हणत नाही. बाहेर गल्लीत हवा तितका करा. आत ‘दुवा, उस्ताद’ एवढंच. सलाम हा शब्द इथे एकाच कामासाठी राखून ठेवलेला आहे. ज्याला आखाडा कायमचा सोडायचा आहे त्याने उस्तादांसमोर उभं राहून सलाम म्हणायचं, आपली काठी खिळ्यावरून उतरवायची आणि निघायचं. पुढे तो कधी आला तर पाहुणा म्हणून येतो. त्याला खुर्ची मिळते, चहा मिळतो, मातीत मात्र पाय ठेवता येत नाही. ज्याला थोड्या दिवसांसाठी जायचं आहे तो रजा मागतो. त्याची काठी खिळ्यावर राहते आणि त्याची जोडही राहते. जोड म्हणजे ज्याच्यासमोर उभं राहून तुम्ही लाठी चालवता तो माणूस. एकाला एकच जोड. रजेवरच्या माणसाची काठी भिंतीवर आहे तोवर त्याच्या जोडीदाराने दुसऱ्या कोणाच्या काठीला काठी लावायची नाही, हा अन्वर उस्तादांच्याही उस्तादांपासूनचा नियम.

आखाड्याच्या लेखी सपना रजेवर होती. तिने रजा कधी मागितली नव्हती. सलामही केला नव्हता.

झालं होतं ते असं. बी.एस्सी.साठी दीपनगरच्या कॉलनीतून ती जळगावला मावशीकडे राहायला आली, आणि मावशीच्या घरामागेच हा आखाडा निघाला. संध्याकाळी ताशाचा आवाज आला की तिचं पुस्तकातलं लक्ष उडायचं. वडील वीज केंद्रात ऑपरेटर होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, “शीक. बाबासाहेबांनी घरात बसा असं कुठे सांगितलंय?” सहा-सात वर्षं ती इथे आली. मग धुळ्याला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. निरोप घ्यायला आली तेव्हा सामानाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. उस्ताद समोरच्या अंगणात एका लग्नाच्या गादीत कापूस भरत होते. ते पिंजारी, गाद्या-रजया हा त्यांचा धंदा. त्यांच्या केसांवर, भुवयांवर कापूस होता. ती दारातूनच म्हणाली, “येते, उस्ताद.”

मराठी घरात वाढलेली मुलगी निघताना दुसरं काय म्हणणार? लहानपणी चुकून ‘जाते’ म्हटलं तर आई दारातून परत बोलवायची, घोटभर पाणी पाजायची आणि ‘येते म्हण’ म्हणायची. ती येते म्हणाली आणि गेली.

तिच्या माघारी त्यावरून वाद झाला, तो तिला नंतर फोनवर कळला. ताशा वाजवणारे पितांबरनाना म्हणाले होते, “गेली ती, उस्ताद. येते म्हणजे जाते. आमच्यात तसंच म्हणतात.” उस्ताद म्हणाले, “नाना, पोरगी माझ्यासमोर ‘येते’ म्हणाली. ती खोटं बोलली असं म्हणायचंय का तुम्हाला?” नानांना तसं म्हणायचं नव्हतं. काठी खिळ्यावर राहिली.

पहिली दोन वर्षं सपनालाही वाटायचं की आपण खरंच येणार आहोत. मग लग्न झालं. मग मोहाडीजवळ खडीवरून स्कूटर घसरली आणि उजव्या मनगटात स्टीलची पट्टी बसली. हाड सांधलं, पण हात तळवा वर करून पूर्ण वळेना. भिक्षा मागायच्या हाताच्या जरा आधीच थांबे. पिपेट धरायला, लिहायला, पोळ्या लाटायला तेवढं पुरतं. लाठीला पुरत नाही. हे तिने आखाड्यात कोणाला कळवलं नाही. मग मुलगी झाली. मधूनमधून तिच्या जोडीदारणीचा, मिसबाहचा फोन यायचा आणि शेवटी सपना म्हणायची, “येते ना.” हे वाक्य सोपं होतं. ते बोललं की दोघींनाही फोन ठेवता यायचा.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच उस्तादांचा स्वतःचा फोन आला. त्यांना काचबिंदू झाला होता. समोरचं दिसत होतं, कडा गेल्या होत्या. लाठीत समोरच्यापेक्षा कडेचं दिसावं लागतं, हे त्यांनी सपनालाच शिकवलं होतं. ते आता आखाडा मिसबाहकडे सोपवणार होते. मिसबाह त्यांची पुतणी, त्यांना ‘बडे अब्बा’ म्हणणारी, उर्दू शाळेत मुलींची खेळाची शिक्षिका. तिच्याइतकी लाठी गावात कोणाची नव्हती. पण आखाडा घेणाऱ्याने सगळ्यांसमोर एक पूर्ण जोड खेळून दाखवायची असते. आणि मिसबाहची जोड खिळ्यावर टांगलेली होती.

“बेटा,” उस्ताद फोनवर म्हणाले, “काय ते तोंडाने बोलून जा. रजा संपली म्हण, नाही तर सलाम म्हण. पोरीला लटकत नको ठेवूस.”

ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर सपनाला बरं वाटलं असतं.

आज ती घरातून निघाली तेव्हा सासूबाई नर्मदाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या साक्रीकडच्या. “काठीना करता जळगावले जाई राहिनी?” त्यांनी विचारलं. “आपला वावरना बांधवर बठ्ठा बांबूच शे ना. एक तोडी लेती.”

“ती काठी वेगळी आहे, आक्का.”

“काठी ती काठी.”

नवऱ्याने, राकेशने, तिला स्टँडवर सोडलं. गाडी वळवता वळवता त्याने विचारलं, “घेऊन येणार की ठेवून येणार?”

“बघते.”

“एस.टी.त काठी घेतात का पण?” तो म्हणाला. ती एस.टी.त जाऊन बसली. पारोळ्यापर्यंत तिने दोन्ही शब्द मनात म्हणून पाहिले. एरंडोल गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण दोन्ही शब्द उस्तादांच्याच आवाजात ऐकतोय. म्हणजे निर्णय त्यांनीच सांगावा अशी आपली इच्छा आहे. ही नोंद तिने मनाशी केली आणि खिडकीबाहेरच्या केळीच्या बागांकडे पाहत राहिली.

आता ती आत उभी होती. शेडमध्ये हिवाळ्याच्या सकाळचं ऊन पत्र्याच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी आलं होतं. माती नुकतीच भिजवून चाळली होती. एक विशीतली मुलगी, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, लगबगीने पुढे आली आणि तिने कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची सपनासमोर मांडली.

“बसा ना मॅडम. अ‍ॅडमिशनसाठी आलात का? मुलीची?”

ताशा शेकत बसलेले पितांबरनाना हसायला लागले. ते एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आता पूर्णवेळ इथेच असत. “सितारा, ती खुर्ची उचल. ती पाहुणी नाही.” मग त्यांनी सपनाकडे पाहिलं. “निदान अजून नाही. कवय उनी व बाई?”

“आत्ताच आले, नाना. दुवा.”

“दुवा, दुवा. बठ्ठा म्हातारा व्हई गयात आम्ही तुनी वाट दखी दखी.”

“तुम्ही तेव्हाही म्हातारेच होता.”

“हां, पण तवय दात व्हतात.”

सितारा खुर्ची धरून उभी राहिली. ती घ्यावी की ठेवावी हे तिला कळत नव्हतं, आणि सपनालाही सांगता येत नव्हतं. शेवटी खुर्ची तिथेच राहिली आणि सपना तिच्या शेजारी उभी राहिली.

उस्ताद मागच्या दाराने आले. भिंतीला हात लावून चालत नव्हते, पण हात भिंतीजवळ होता. दाढी पांढरी झाली होती. कापसाची की वयाची हे आता वेगळं करता येत नव्हतं.

“दुवा, उस्ताद.”

ते थांबले. तिला समोर आणण्यासाठी त्यांनी मान थोडी वळवली. “सपना. मागे बसून ऐकलं, अजून उजवा पाय आधी टाकतेस. किती वेळा सांगितलं.”

“उंबऱ्यातून येताना सगळेच उजवा टाकतात, उस्ताद.”

“सगळ्यांना मी शिकवलेलं नाही.” ते ओट्यावर बसले. “धुळ्याचं पाणी कसं आहे?”

“जड आहे.”

“मग तिथली डाळ शिजत नाही, ते खरं.” त्यांनी गुडघ्यावर हात घासले. “आधी मिसबाहला भेट. मग मातीत उतर. मग बोल. याच क्रमाने. बोलून मग खेळायचं नसतं.”

मिसबाह मागच्या पायरीवर बसून बोरं खात होती. मेहरूणची बोरं, लालसर, ताटलीच्या कडेला मीठ. तिच्या अंगात शाळेचा ट्रॅकसूट होता, डोक्यावर ओढणी पिनांनी घट्ट बसवलेली. तिने सपनाला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

“आलीस.”

“आले.”

“जाड झालीस.”

“तू नाही झालीस.”

“मला दिवसभर पोरींच्या मागे पळायचं असतं. तुझं पाणी बाटलीत गप बसून असतं.” तिने ताटली पुढे सरकवली. “खा. बडी अम्मींनी तुझ्यासाठी वेचून ठेवलीत. किडकी मी संपवली.”

दोघी काही वेळ बोरं खात राहिल्या. बिया मिसबाह समोरच्या डबक्यात नेमाने मारत होती. सपनाच्या बिया काठावर पडत होत्या.

“काठी कोण उलटी करतं?” सपनाने विचारलं.

मिसबाहने हातातल्या बोराकडे पाहिलं. “तुला कसं कळलं?”

“रंगावरून.”

“जुम्म्याला तेल लावते सगळ्या काठ्यांना. तुझी तेवढी उलटून टांगते. नाही तर एक टोक जड होतं. जड टोकाची काठी फिरवताना हाताला ओढते.” ती हे दुकानातला भाव सांगावा तसं म्हणाली. “परत आल्यावर पहिल्याच दिवशी तुझा तोल जायला नको.”

“इतरांच्या?”

“इतर रोज हातात घेतात. जड झाली तर त्यांना समजतं.”

सपनाने बी तोंडातून काढून ताटलीत ठेवली. मग आपला उजवा हात मिसबाहसमोर धरला. “मिसबाह, हा वळत नाही.”

मिसबाहने तिचं मनगट धरलं आणि बल्ब बसवावा तसा हात हळूच फिरवला. तो एका जागी थांबला. तिने थोडा जोर दिला, मग सोडला.

“इथे थांबतो.”

“आत पट्टी आहे.”

“केव्हापासून?”

“मुलगी झाली त्याच्या आधीपासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं नाहीस.”

“मी दर वेळी विचारलं. कशी आहेस, केव्हा येतेस. तू ‘येते ना’ म्हणालीस.” मिसबाहने ताटली उचलून बाजूला ठेवली. “बरं. ऐक. मी विचार करून ठेवलाय, हे हाताचं माहीत नव्हतं तरी. रविवारी सकाळच्या गाडीने यायचं, दुपारच्या गाडीने परत. रस्ता आता चांगला झालाय. जोडीतला चौथा हात तू अर्धाच घे, मी उरलेला माझ्याकडून भरून काढते. बघणाऱ्यांना कळणार नाही.”

“उस्तादांना?”

“त्यांना कडेचं दिसत नाही.” हे बोलल्यावर तिलाच ते आवडलं नसावं. ती उठली. “चल. बोलायचं नंतर.”

सपनाने आपली काठी खिळ्यावरून काढली. तोल बरोबर मध्यावर होता. तिने ती दोन बोटांवर आडवी धरून पाहिली, आणि काठी स्थिर राहिली. पायाखालची माती गार होती. पितांबरनानांनी ताशा गळ्यात अडकवला, कातड्यावर बोट मारून पाहिलं आणि संथ ठेका धरला.

जोडीची सुरुवात काठीला काठी लावून होते. टक्. त्याआधी काही नाही, त्यानंतर सगळं. सपनाने काठी पुढे केली. मिसबाहने केली. टक्.

मिसबाहच्या चेहऱ्यावर जे झालं ते थोडंच होतं. डोळ्यांच्या खालची कातडी एकदा ताणली गेली, बस. सपनाने ते पाहिलं आणि तिला आधी त्याचा अर्थ लागला नाही.

मग शरीराने काम हाती घेतलं. पाय कुठे टाकायचा हे पायाला माहीत होतं. काठीचा गोल डोक्यावरून गेला, कमरेवरून आला, वारा कानाजवळून गेला. टक्, टक्. ताशा वाढला. सपनाला घाम आला आणि त्याबरोबर एक जुना, साधा आनंदही आला, ज्यात विचार करण्यासारखं काही नसतं. चौथा हात आला. तळवा वर करून काठी खालून उचलायची, समोरच्याचा वार अडवायचा. तिचं मनगट वळलं आणि थांबलं. काठी यायला हवी होती तिथे आली नाही.

मिसबाहची काठी वरून येत होती. ती हवेत थांबली.

अर्धा ठोकासुद्धा नसेल. बाहेरून बघणाऱ्याला ती डौलाची लकब वाटली असती. मिसबाहने वार वळवला, स्वतःच सपनाच्या काठीपर्यंत आली, टक् केलं आणि पुढचा हात सुरू झाला. पुढच्या फेरीत चौथ्या हाताला ती पुन्हा थांबली, आणि या वेळी आधीपासूनच थांबायच्या तयारीत होती. तिसऱ्या हातालाच तिचे खांदे सैल झाले होते. जोडीत समोरचा थांबेल असं धरून चालणारा माणूस एक दिवस डोकं फोडून घेतो. किंवा फोडतो. हेही दोघींना इथेच शिकवलेलं होतं.

“बस,” उस्ताद म्हणाले. ताशा थांबला. “कोण थांबलं?”

मिसबाहने काठीचं टोक मातीला टेकवलं.

“मला नीट दिसत नाही. ऐकू येतं. नानांचा ठोका पुढे गेला आणि काठी मागे राहिली. कोण थांबलं?”

“मी, उस्ताद,” मिसबाह म्हणाली. “पाय घसरला.”

“चाळलेल्या मातीत पाय घसरत नाही.” त्यांनी हनुवटी वर केली. “सपना, बाजूला हो. दम घे. सितारा, समोर ये. सराव.”

सराव वेगळा आणि जोड वेगळी. सरावात काठीला काठी लागत नाही. वार एका वितीवरून निघून जातो. जोडीदार रजेवर असला तरी सराव करता येतो. सितारा मातीत आली, उजवा पाय मागे ठेवून. डावा आधी टाकत होती, हे सपनाने पाहिलं.

नानांनी ठेका धरला. जलद.

दोन्ही काठ्या सुरू झाल्या. सितारा बुटकी होती, पण तिचे हात पाण्यासारखे होते. मिसबाहने वरून वार केला तेव्हा सितारा तिथे नव्हती. सिताराची काठी खालून आली तेव्हा मिसबाह कलली होती. चौथा हात आला आणि गेला. मिसबाह थांबली नाही. तिचे खांदे सैल झाले नाहीत. ती समोरच्याला सांभाळत नव्हती. ती खेळत होती, आणि सपनाला आठवत होती त्यापेक्षा कितीतरी चांगली खेळत होती.

आणि आवाज नव्हता. काठ्यांचा फक्त वारा ऐकू येत होता, त्याखाली ताशा. टक् कुठेच नव्हता. प्रत्येक वार एका वितीवरून निघून जात होता, प्रत्येक वेळी, बरोबर तेवढ्याच अंतरावरून. एवढं अंतर राखायला किती ताकद लागते हे सपनाला माहीत होतं. इतकी वर्षं मिसबाह असं खेळत होती. दर जुम्म्याला एक काठी उलटी टांगत होती आणि उरलेले दिवस हवेवर वार करत होती. मघाच्या त्या पहिल्या टक्‌ला तिच्या डोळ्यांखाली काय झालं होतं, ते सपनाला आता कळलं.

सराव संपला. सितारा धापा टाकत हसत होती. मिसबाह हसत नव्हती. तिने ओढणीच्या टोकाने घाम पुसला आणि सरळ सपनाजवळ आली.

“आज नको बोलूस,” ती हळू आवाजात म्हणाली. “पुढच्या रविवारी ये. दोन-चार रविवार करून बघू. हात मोकळा होतो सरावाने. शाळेत एका पोरीचा कोपर मी मोकळा केलाय.”

“पट्टी आहे ती, मिसबाह. मोकळी व्हायला सांधा नाही.”

“बडे अब्बांना मी समजावते. महिनाभर थांबतील.”

“सिताराला जोडीसाठी किती दिवस थांबवलंयस?”

मिसबाहने खांदा उडवला. “ती लहान आहे. तिला घाई नाही.”

“मला लहान असताना खूप घाई होती,” सपना म्हणाली. “तुलाही होती.”

“तू गेलीस तर मी तुझी काठी कुठे टांगू?”

हे विचारलं तेव्हा मिसबाहचा आवाज नेहमीसारखाच होता, शाळेत रांग लावताना लागतो तसा. सपनाने उत्तर शोधलं. तिला मिळालेली सगळी उत्तरं फोनवरच्या ‘येते ना’ची भावंडं होती. प्रयोगशाळेत बुरेटमधून थेंब थेंब सोडताना एक थेंब असा येतो की रंग बदलतो. तो थेंब सोडला नाही तर रंग बदलत नाही, पण पाण्याचा जडपणाही कळत नाही. ती इतकी वर्षं नळी बंद करून बसली होती.

“माझ्या घरी,” ती म्हणाली. “उलटी मी करीन.”

मिसबाह बाजूला झाली.

ओट्यावर उस्ताद वाट पाहत होते. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि मान थोडी वळवलेली होती, ती समोर येईल तिथे बरोबर. पितांबरनानांनी ताशा गळ्यातून काढला आणि आडवा ठेवला. सितारा काठी टेकून उभी होती. तिच्यामागे प्लास्टिकची खुर्ची अजून तिथेच होती.

सपना मातीतून बाहेर आली. पायाची माती तिने मातीतच झटकली, बाहेर आणली नाही. काठी तिच्या डाव्या हातात होती.

“बोल, बेटा,” उस्ताद म्हणाले. “आणि या वेळी नीट बोल. त्या वेळी तू मराठीत बोललीस, मी दुसऱ्याच भाषेत ऐकलं.”

नाना खोकले. “मी तवयच सांगितलं व्हतं.”

“नाना, गप.”

सपना सरळ उभी राहिली. लहानपणी परत बोलावून पाणी पाजणारी आई तिला आठवली, आणि कोणी परत बोलावण्याआधी तिने श्वास घेतला.

“येते नाही, उस्ताद,” ती म्हणाली. “जाते. सलाम.”